‘शेड्यूलर सगळे बघून घेतो’ या दाव्याचा प्रतिवाद

महासंगणकांविषयीच्या चर्चेत एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते: “जितके जास्त जीपीयू मागाल तितक्या पटीने काम लवकर होईल, कोणते काम कुठे चालवायचे ते शेड्यूलर बघून घेतो, आणि वापर शंभर टक्के दिसला की यंत्र पुरेपूर वापरले गेले असे समजावे.” (जीपीयू म्हणजे एकाच वेळी असंख्य गणना करणारी चिप, आणि शेड्यूलर म्हणजे कामांना यंत्रावर जागा व वेळ वाटून देणारा प्रोग्राम.) या सोयीच्या वाक्यातला एकही भाग तपासणीत जसाच्या तसा टिकत नाही.

मधल्या भागापासून सुरुवात करतो, कारण खरी गल्लत तिथेच आहे. स्लर्मसारखा शेड्यूलर रांग सांभाळतो, नोड (महासंगणकातले एकेक स्वतंत्र संगणक) वाटून देतो आणि वेळेची मर्यादा पाळायला लावतो. नोडच्या आतली मांडणी मात्र सांगितल्यावाचून तो योग्य करेलच, असे नाही. अमेरिकेतील ओक रिज येथील फ्रंटियर या महासंगणकाचा एक नोड पाहा. त्यात ६४ कोरचा (स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या भागांचा) एक सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, आणि एमआय२५०एक्स नावाचे चार जीपीयू आहेत, आणि प्रत्येक एमआय२५०एक्स दोन चिपचा असल्याने प्रोग्रामला आठ जीपीयू दिसतात. कोर ० ते ७ यांना जीपीयू क्रमांक ० सर्वांत जवळचा असेल, असे कोणीही गृहीत धरेल. प्रत्यक्षात त्यांच्या जवळचा जीपीयू क्रमांक ४ आहे, तर क्रमांक ० हा कोर ४८ ते ५५ यांच्या शेजारी आहे. शिवाय दर आठ कोरमागे एक कोर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखून ठेवल्यामुळे मूळ सेटिंगमध्ये हाती ५६ कोरच येतात. जवळचाच जीपीयू जोडून देण्याचा पर्याय स्लर्ममध्ये आहे, पण तो वापरकर्त्याने जॉब स्क्रिप्टमध्ये (काम सोपवताना द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहावा लागतो. न लिहिल्यास जॉब बिनतक्रार पूर्ण होतो, फक्त रेंगाळतो. एरर येत नसल्यामुळे कोणी शोधायलाही जात नाही.

सीपीयू आणि जीपीयू यांच्यात कामाची वाटणी करणे हेही शेड्यूलरचे काम नव्हे. ते एकतर प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायचे असते, किंवा स्टारपीयूसारख्या रनटाइमवर (प्रोग्राम चालू असताना त्याची कामे वाटणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सोपवायचे असते, जो प्रत्येक टास्कला कुठे किती वेळ लागतो आणि डेटा हलवायला किती, याचा अंदाज घेऊन वाटणी करतो.

‘तितक्या पटीने’ हा भाग तर १९६७ साली संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेल्या युक्तिवादापुढेच ढासळतो: कामाचा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो छोट्या गणनांना हा दावा बराचसा लागू पडतो, हे मान्य. पण विरळ मॅट्रिक्सवरच्या (बहुतेक आकडे शून्य असलेल्या कोष्टकावरच्या) गणनेत अडसर मेमरीचा असतो. फ्रंटियरने लिनपॅक या महासंगणकांच्या वेगाच्या प्रचलित चाचणीत २०२२ साली १.१०२ एक्साफ्लॉप्स (१ एक्साफ्लॉप्स म्हणजे १,००० पेटाफ्लॉप्स; फ्लॉप्स म्हणजे सेकंदाला होणाऱ्या गणना) नोंदवले, आणि अशा गणनेच्या जवळ जाणाऱ्या एचपीसीजी चाचणीत १४.०५ पेटाफ्लॉप्स, म्हणजे त्याच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. एकही जीपीयू नसलेल्या जपानच्या फुगाकू या महासंगणकाने याच चाचणीत १६ पेटाफ्लॉप्स गाठले होते.

राहिला शंभर टक्क्यांचा आकडा. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हीडियाच्या नेहमीच्या साधनात दिसणारा हा आकडा, मोजणीच्या काळात किती वेळ एखादा तरी कर्नल (जीपीयूवर चालणारा प्रोग्रामचा तुकडा) चालू होता, एवढेच सांगतो. एकाच थ्रेडचा (गणनेच्या एकाच धाग्याचा) कर्नल अखंड फिरवत ठेवला आणि बाकी सारी चिप रिकामी बसली, तरी तिथे शंभरच दिसतील.