जॉइंट कस्टडी

आमच्या घराला कुलूप लागत नाही. म्हणजे लागतं, पण लावायची वेळच येत नाही. कोथरूडच्या एका रो हाऊसमध्ये आम्ही चार पिढ्या राहतो, त्यामुळे कोणी ना कोणी घरात असतंच. आजेसासूबाई तर उंबरा ओलांडतात त्या फक्त मतदानाला आणि जवळच्या कार्याला. बाकी दिवसभर जाळीचं दार नुसतं लोटलेलं. इस्त्रीवाला, कुरिअरवाला, लेकाचे मित्र, सगळे "आहात का?" म्हणत थेट ओट्यापर्यंत येतात. मागे एक कुकर दुरुस्त करणारा आला, शिट्टी बदलून, चहा पिऊन गेला. त्याला बोलावलं कोणी, याचा तपास अजून चालू आहे.

दार असं मोकळं असलं तरी चोराबद्दल प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यास आहे. आजींच्या मते चोर कपाट फोडतो, म्हणून सोनं तूरडाळीच्या डब्यात. "त्याला मेल्याला वरण थोडंच लावायचंय?" हा मुद्दा बिनतोड, पण वरण मला लावायचं असतं. त्यांची एक कुडी कुकरमधून तीन शिट्ट्या घेऊन सहीसलामत बाहेर आली आहे. सासूबाईंचा भर चोराला धाक घालण्यावर. घरात कोणी धिप्पाड गडी राहतो असं वाटावं म्हणून त्यांनी कुठूनसे दहा नंबरचे बूट पैदा करून दाराबाहेर ठेवले. ते बूट गेले. आमच्याकडे आजवर झालेली चोरी ती एवढीच.

नवऱ्याने कॅमेरा बसवला. दारापाशी काही हललं की त्याच्या मोबाइलवर टुणकन सूचना. पहिल्या आठवड्यात त्यात फक्त मांजर सापडलं. मग सासूबाईंनी ते अ‍ॅप आपल्या मोबाइलवर घालून घेतलं आणि भाजीवाली शेजारणीला जास्तीची कोथिंबीर देते हा गुन्हा पुराव्यानिशी उघडकीला आणला. मी ऑफिसातून किती वाजता येते हेही त्यांना कळू लागलं, तेव्हा आजीच माझ्या मदतीला धावल्या. "सारखं टक लावून बघतंय" म्हणत त्यांनी कॅमेऱ्यावर आपला स्कार्फ टाकला. तो काढायची हिंमत घरात कोणाची नाही.

या सगळ्यावर सासरे, म्हणजे अप्पा, तुच्छतेनं हसतात. ते बँकेतून निवृत्त झालेत. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, एकट्याला उघडताच येऊ नये, याला म्हणतात जॉइंट कस्टडी. आजी त्यांना शिंगणापूर ऐकवतात, "तिथे घरांना दारं नाहीत, काही अडलंय का?" दारांचं अप्पा चालवून घेतील, पण 2011 साली यूको बँकेनंही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, ही त्यांची भळभळती जखम आहे. "अगं, तिथे शनिदेव बसलेत!"

"मग इथे मी बसलेय ना!"

यावर बँकेकडे उत्तर नव्हतं.

तर परवा सांगलीला मुंज निघाली आणि आजींसकट सगळं घर जायचं ठरलं. पहाटे सहाला गाडी दारात. मी चपला घालून उभी, आणि घर बंद कसं करायचं हे कोणालाच आठवेना. मागच्या दाराची कडी कोयंड्यात बसेना, कारण वापराविना कोयंडा गंजला होता. किल्ल्यांचा डबा ओतला तर त्यात सायकलची, जुन्या स्कूटरची, कोणत्याशा ट्रंकेची किल्ली. घराची सोडून सगळी. अप्पांनी शेवटी माळ्यावरून पितळी नवताल काढलं. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. "तिसरी कुठाय?" हा प्रश्न ते कित्येक वर्षं विचारतायत, तो त्यांनी पहाटेही विचारला. "1897 पासून कुलपं करतायत गोदरेजवाले," असं सांगत त्यांनी आधी लॅच ओढलं, वर नवताल घातलं आणि त्याला लटकून बघितलं. मग नवऱ्याने लटकून बघितलं. मग लेकाला लटकायचंच होतं. नवतालच्या दोन्ही किल्ल्या अप्पांकडे, लॅचची नवऱ्याकडे. दोघं बरोबर असल्याशिवाय आता कोणी घरात शिरणं शक्य नाही, असं अप्पांनी जाहीर केलं. तोवर लेकानं 'सगळे निघालो सांगलीला' असं स्टेटस टाकलेलं होतं. कासेगावच्या पुढे गेल्यावर सासूबाईंना गॅस आठवला. तो सांगली येईपर्यंत पुरला.

स्कार्फ मात्र आजींच्या डोक्याला होता. त्यामुळे ऐन मंगलाष्टकांत नवऱ्याचा मोबाइल टुणकन वाजला. दारात कोणीतरी उभं! आमची अख्खी रांग अक्षता मुठीत धरून त्या स्क्रीनवर वाकली.

आमच्या कामवाल्या मावशी होत्या. त्यांनी मीटरच्या पेटीत हात घातला, नवताल काढलं, लॅच उघडलं, चपला बाहेर काढून आत गेल्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या, दोन्ही कुलपं लावली, नवतालला लटकून बघितलं आणि गेल्या.

अप्पांच्या तोंडून शब्द फुटेना. "ही... ही तिसरी किल्ली?"

"मीच दिलीय," आजी म्हणाल्या. "भांडी कोण घासणार?"

"आणि लॅचची?"

"तीही. दोन्ही एकाच दोऱ्यात ओवून दिल्यात. सुट्ट्या राहिल्या की हरवतात रे."