शटर नव्हे, फ्लॅश

हमिंगबर्डच्या फोटोग्राफीवरचा लेख आवडला, पण त्यातलं '१/४००० शटर ठेवला (म्हणजे शटर सेकंदाचा चार हजारावा भागच उघडा राहिला) की हमिंगबर्डचे पंख गोठतात', म्हणजे फोटोत स्थिर आणि स्पष्ट दिसतात, हे पटलं नाही. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड एका जागी तरंगताना सेकंदाला साधारण ५० वेळा पंख हलवतो. पंख जेमतेम ४ सेंटीमीटरचा, तरी त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे १/४००० सेकंदातही टोक दोन-अडीच मिलिमीटर सरकतं, आणि एवढ्याशा पक्ष्याच्या क्लोजअपमध्ये ते लगेच दिसतं.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात काढलेले हमिंगबर्डचे सुस्पष्ट फोटो बहुतेकदा फ्लॅशचे असतात. फीडरभोवती (पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवलेल्या भांड्याभोवती) तीन-चार फ्लॅश, पॉवर पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/३२. पॉवर कमी केली की लखलखाट जास्त काळ टिकत नाही, १/१५००० सेकंदाच्या आसपास आटोपतो. शटर मात्र १/२०० वरच, कारण पंख गोठवतो तो हा लखलखाट! अट एकच: फ्लॅशशिवायची फ्रेम जवळजवळ काळी यायला हवी, नाहीतर पंखाला भुतासारखी दुसरी कडा दिसते. मागची सुंदर हिरवळ बऱ्याचदा छापील फ्लेक्स असतो, हे लेखात यायला हवं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे हॅरॉल्ड एजर्टन १९३० च्या दशकातच स्ट्रोब (क्षणभर लखलखणारा दिवा) वापरून हे पक्षी टिपत होते.

माझं मत विचाराल तर पिसन् पीस गोठवलेला पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो. १/५०० ला डोळा आणि चोच शार्प, पंख धूसर, असा फोटो मला जास्त जिवंत वाटतो.

आणि वरच्या प्रतिक्रियांत कुणीतरी आपल्या इथल्या बागेत हमिंगबर्ड येतो असं लिहिलंय. तो शिंजीर (सनबर्ड) हो! हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात.