चड्डीवरचा सरदार

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत कालपासून बातमी फिरतेय, की मी दार लावून टीव्हीवर चड्डीवाला माणूस पळवत बसतो. सकाळी दुधाला गेलो, तर दूधवाला पिशवी हातात देऊन उगाचच हसला. दार उघडं होतं हो! लावलं असतं तर तात्या आत आले असते का?

गेम म्हणजे कॅपकॉम कंपनीचा 1985 चा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'. आर्थर नावाचा सरदार, सैतानानं पळवलेली राजकन्या. पहिला फटका बसला की आर्थरचं चिलखत गळून पडतं आणि तो नुसत्या चड्डीवर येतो. दुसऱ्या फटक्याला हाडं. एकदा उडी मारली की हवेत वळता येत नाही. बास, एवढंच.

तात्या शेजारचे. एके काळी आनंदवाडीच्या आखाड्यात उतरलेले, दोन्ही कान मोडलेले. सून बाजारात, किल्ली तिच्या पर्समध्ये, म्हणून ते आमच्या सोफ्यावर. नेमकी तेव्हाच गेमची सुरुवात चालली होती: कबरस्तानात आर्थर चड्डीवर बसलाय आणि शेजारी राजकन्या.

"हे कोण रे?"

"सरदार आहे, तात्या."

"स्मशानात बाईमाणसाला घेऊन असल्या अवतारात बसतंय? सैतानानं नेली ते बरंच केलं की."

मी काही बोललो नाही. कबरींतून मुडदे उठायला लागले, आर्थरला फटका बसला, चिलखत गेलं. आणि तात्या एकदम पुढं सरकून बसले.

"आत्ता! आत्ता कुठं लंगोटावर आला गडी! आता बघ."

पुढच्याच मुडद्यानं गडी गार केला. स्क्रीनवर हाडं. तात्यांना ते पटेचना. "असं कसं? कपडे उतरल्यावर पैलवानाला बळ येतंय. हा कपडे उतरले की मरालाय! कुणी केलाय रे हा खेळ?"

"जपानी माणसानं. फुजिवारा म्हणून."

"जपानात तर ते सुमोवाले लंगोटावरच खेळतात की. त्याला एवढं कळू नये?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग सल्ले सुरू. वाटेत एक मशाल पडली. हा गेममधला जाणत्यांनी टाळायचा माल: ती पायाजवळ पडून नुसती जळत बसते, आणि उचलली की हातातलं चांगलं शस्त्र जातं. मी उडी मारून चुकवली, तर तात्या ओरडले, "अंधारात चाललायस, मशाल घे की रे!" त्या ओरडण्यानं बोट घसरलं आणि मशाल घेतली गेली. "हां, आता दिसंल त्याला," म्हणून ते निवांत मागं टेकले.

मला खरा राग वेगळाच आहे. हेच तात्या आयपीएल रात्री अकरापर्यंत बघतात, त्यांना कुणी विचारत नाही. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी अर्धं मराठी अर्धं कानडी बोलून डोकं पिकलेल्या माणसानं अर्धा तास बटणं दाबली, की तो पोरकट. आणि खेळ तरी सोपा आहे का? शेवटच्या राक्षसाला मारलं की गेम सांगतो, हा सगळा सैतानानं रचलेला भास होता, पहिल्यापासून परत खेळा. दुसऱ्यांदा जिंकाल तेव्हा खरा शेवट. पुण्याचा माणूस हे ऐकून तक्रार करेल. आम्ही बेळगावकर काय करणार? आमचा सीमाप्रश्नही तसाच: 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 साली महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टात दावा. इतकी वर्षं झाली, आम्ही अजून कबरस्तानातच उड्या मारतोय. गेममध्ये निदान किती वेळ उरलाय ते तरी वर दिसतं.

तर तेवढ्यात तो तांबडा सैतान आला. आधी जमिनीवर गप्प बसून असतो, जवळ गेलं की उडतो आणि मारलेलं हत्यार बरोबर चुकवतो. तात्यांचे डोळे चमकले. "हा खरा पैलवान! आण इकडं ते."

जॉयपॅड गेला. तात्या उडी मारताना स्वतः सोफ्यावरून अर्धे उठायचे, आर्थर मात्र खालीच. "बटण ढिलं आहे तुझं," असा शेरा मला. सून दारात आली, किल्ली वाजवून म्हणाली, "मामंजी, चला, जेवायचं नाही काय?"

"थांब ग. ह्या तांबड्याला चितपट केल्याबिगर उठत नाही."

सून माझ्याकडं बघायला लागली. टीव्हीवर एक चड्डीवाला, शेजारी तिचे सासरे घामाघूम, आणि मी रिकाम्या हातानं. "तुम्हीच शिकवलासा काय हो हे?" म्हणाली.