पँटनाल जळू दे, पूर आला की ठीक होतं म्हणे!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. ब्राझीलच्या पँटनाल या अवाढव्य पाणथळ प्रदेशाचे दोन फोटो, एकात काळी राख, दुसऱ्यात हिरवंगार, आणि खाली मजकूर: "पँटनाल दरवर्षीच जळतं. विजा पडून आग लागते, पूर आला की विझते, राखेचं खत होतं आणि जंगल दुप्पट हिरवं होतं. मीडियाला रडायला काहीतरी हवं." तीन ग्रुपवर आला, तिन्हीकडे अंगठे.

हे पटतं कारण त्यात थोडं खरं आहे. पँटनालला आग नवीन नाही, तिथली गवताळ मैदानं जळतात आणि परत फुटतात, कारांडा नावाचा ताड तर आग आणि पूर दोन्ही पचवून उभा असतो. पण पोस्टवाल्याने गवताचा नियम उचलून नदीकाठच्या झाडांना लावला, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आता "विजा पडून". विजा वादळी पावसासोबत येतात, म्हणजे तिकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च. 2020 चा कहर झाला तो ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन कोरड्यात, तेव्हा वीज कुठून आणायची? बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या असतात, कुरण साफ करायला वगैरे, आणि मग वारा त्यांना घेऊन जातो. आणि "दरवर्षीच" म्हणाल तर त्या एका वर्षात पँटनालचा जवळपास 30 टक्के भाग जळला, शास्त्रज्ञांच्या अंदाजाने 1 कोटी 70 लाखांच्या आसपास साप, उंदीर, पक्षी असे कणा असलेले प्राणी थेट आगीत गेले. हे नेहमीचं नव्हे.

"पूर आला की विझते." अहो पण पूर यायला तर पाहिजे! तिथला पूर आपल्यासारखा रात्रीत चढणारा नाही, जमिनीला उतार इतका कमी की उत्तरेत पडलेला पाऊस दक्षिणेत पोचायला महिने लागतात, आणि तोही कधी येतो कधी हुलकावणी देतो. पँटनालच्या मुख्य नदीवर, पॅराग्वेवर, लाडारिओ गावात 1900 पासून पाण्याची पातळी मोजतात, तिथे ऑक्टोबर 2024 मध्ये पाणी पट्टीच्या शून्याच्याही खाली गेलं आणि 1964 चा नीचांक मोडला (शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, नाहीतर यावरही एक फॉरवर्ड येईल). आणि खरी मेख अशी की आगीला सरपण पूरच पुरवतो. पुरात पाणवनस्पती माजतात, पालापाचोळा काठाच्या झाडांत अडकून साठतो, कुजलेल्या मुळ्यांचे थर चढतात, मग पाणी ओसरलं की हे सगळं वाळतं. त्यात आग शिरली की ती जमिनीखालून धुमसत सरकते, वर काही दिसत नाही, विझली म्हणून लोक निघून जातात आणि दोन-चार दिवसांनी भलतीकडेच धूर निघतो. ती अडवायला चर खणावा लागतो, वरून पाणी मारून भागत नाही.

राखेचं खत हा मुद्दा आपल्याला लगेच पटतो, कोकणात राब भाजतात ना, तसंच वाटतं. पण राबाची राख शेतातच राहते, त्यावरच बी पेरतात. इथे पुढचा पूर राख उचलून नदीत नेतो. पँटनालमध्ये पुराचं पाणी चढलं की बुडालेलं गवत कुजून पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि मासे मरतात, तिकडे याला देकुआदा म्हणतात, हे निसर्गतःच होतं, त्यात वरून राख आणि जळका कचरा म्हणजे भरच. खत कसलं डोंबलाचं.

राहिलं "दुप्पट हिरवं". हे जरा नीट बघा. नदीकाठचं झाड पुरात उभं राहायला शिकलेलं असतं, महिनोन्महिने खोड पाण्यात, तरी जगतं. आगीत शेंडा गेला तरी बऱ्याच झाडांना बुंध्यापासून फुटवे येतात, फोटोत दिसतात ते हेच, छान कोवळे, गुडघ्याएवढे. पण पूर आला की गुडघ्याएवढा फुटवा अख्खा पाण्याखाली जातो, मोठ्या झाडासारखी पानं वर काढून बसायची सोय त्याला नाही. नुसता पूर झेपतो, एखादी आग कदाचित झेपते, पण आगीने झाड बुटकं केलं आणि मग पुराने बुडवलं की मुळांमध्ये साठवलेलं अन्नही संपतं. रोपांचं तर विचारूच नका. जागा मोकळी पडते, गवत आणि वेली घुसतात, आणि तेच पुढच्या कोरड्यात परत जळतात. उजवीकडच्या फोटोतलं हिरवं बहुधा हेच!

निळा मकाव पोपट पँटनालमध्ये बहुतेक घरटी मांडुवी नावाच्या झाडाच्या ढोलीत करतो. हे झाड नदीकाठापेक्षा उंचवट्यावरच्या राईत जास्त, पण वेळेचा हिशोब कळावा म्हणून सांगते, ढोली धरायला त्याला 60 वर्षं तरी लागतात. पोस्टमधला दुसरा फोटो किती महिन्यांनंतरचा?

आणि पूर जंगल सावरतोच असं म्हणणाऱ्यांनी अॅमेझॉनमधल्या रिओ नेग्रोच्या काठची, दरवर्षी बुडणारी जंगलं बघावीत. पाणी तिथेही भरपूर. तरी तिथे जळलेल्या तुकड्यांत पुराने वरची चिकणमाती धुवून नेली, 40 वर्षांच्या आत माती वाळूसारखी पांढरी होत गेली आणि त्यावर जंगलाऐवजी सवानाचं गवत आणि झुडपं वाढली. तेही हिरवंच दिसतं फोटोत.