मेल जात नाही? मग काहीही वाचू नका

थंडरबर्डमधून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या त्या मेलच्या प्रोग्रॅममधून, मेल जात नाहीये ना? मग समोर आलेला एररचा चौकोन न वाचता आधी बंद करा. नेमकं काय बिघडलंय ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते कळलं की सगळी मजाच गेली.

मेल आउटबॉक्समध्ये पडून असेल, तर खाली डाव्या कोपऱ्यातल्या ऑनलाइन-ऑफलाइनच्या चिन्हाकडे ढुंकूनही बघू नका. एका क्लिकमध्ये सुटतो तो काय प्रॉब्लेम म्हणायचा?

थेट सेटिंगला हात घाला. पाठवण्याच्या सर्व्हरला पोर्ट (म्हणजे त्याच्या दाराचा नंबर) 587 असेल तर स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलणं, मग कूटभाषा), 465 असेल तर एसएसएल/टीएलएस (पहिल्यापासून कूटभाषा), अशा जोड्या ठरलेल्या असतात. तुम्ही 465 ला स्टार्टटीएलएस लावा. तिथला सर्व्हर पहिल्या बाइटपासून कूटभाषेची वाट बघतो, आणि प्रोग्रॅम त्याच्या साध्या नमस्काराची. लग्नात रुसलेल्या विहिणींसारखे दोघेही गप्प! थोड्या वेळाने 'टाइमआउट' येतं, तेव्हा इंटरनेटवाल्याला शिव्या घाला.

जीमेल पासवर्ड नाकारतंय? तोच पुन्हा टाइप करा, या वेळी कळा जोरात दाबून. ऑथेंटिकेशनमध्ये 'ओऑथ2' (गूगलच्याच पानावर लॉगिन) निवडणं किंवा द्विस्तरीय पडताळणी सुरू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड (या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड) घेणं हे आळशी लोकांचे धंदे.

ऑफिसच्या सर्व्हरची मर्यादा 25 एमबी आहे, म्हणून बरोब्बर 24 एमबीची पीडीएफ जोडा. वाटेत बेस64, म्हणजे जोडलेली फाइल साध्या अक्षरांत बदलणारी पद्धत, प्रत्येक 3 बाइटांचे 4 करते, म्हणजे 24 चे 32 होतात. मेल परत आला की तोच पुन्हा पाठवा, सर्व्हर कधीतरी कंटाळेलच.

इनबॉक्स रखडतोय? हजारो मेल डिलीट करा, पण 'कॉम्पॅक्ट' (डिलीट केलेले मेल फाइलमधून खरोखर काढून टाकणं) मात्र करू नका. डिलीट केलेल्या मेलवर नुसती खूण पडते, मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. फाइल तसूभरही कमी होत नाही, डिलीट केल्याचं पुण्य मात्र पदरी पडतं.

शेवटचा उपाय, अनइन्स्टॉल. पण प्रोफाइलचं (तुमच्या मेलचं आणि सेटिंगचं) फोल्डर मागे राहतं आणि नवा थंडरबर्ड जुनंच दुखणं घेऊन उठतो, तेव्हा तेही उडवा, रिसायकल बिनसकट. खातं पॉपचं (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल आणि सर्व्हरवर मेल ठेवायची खूण काढलेली असेल, तर एवढ्या वर्षांचा पत्रव्यवहार एका फटक्यात साफ. बॅकअप? तो त्याच फोल्डरात होता ना?

आता भाच्याला फोन लावा. "मी काहीच केलं नाही रे, आपोआप झालं."