सर्दी-खोकल्याचे डॉक्टर

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी मुलगा एमबीबीएस झाल्याची बातमी टाकली. अभिनंदनाचा पाऊस पडला, मीही अंगठा दिला. मग गृहस्थ लिहितात, "आता बाँडचं वर्ष फुकट जाणार. कुठल्यातरी पीएचसीत सर्दी-खोकला बघत बसायचं. ठाण्याच्या आसपास काही जमतंय का बघतोय, कुणाची ओळख असेल तर सांगा." (बाँड म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, पीएचसी म्हणजे गावाकडचं सरकारी आरोग्य केंद्र.) खाली सगळ्यांची हळहळ. अहो, लालबागची बिल्डिंग आमची, अर्धी रायगड-रत्नागिरीची! यांच्यातल्या किती घरांत गावच्या डॉक्टरच्या हातून उठून बसलेलं माणूस आहे, विचारा.

ग्रुपवर भांडले नाही. सेक्रेटरी बाई लगेच फुलं आणि सुप्रभात टाकून विषय बुडवतात. म्हणून इथे.

माझ्या माहेरी, महाडच्या पुढे, आप्पांना भात कापताना घोणस चावली. पेंढी उचलायला हात घातला आणि मनगटावरच. मी सुट्टीला गेले होते. टमटममध्ये घालून बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. चार कॉटचा दवाखाना. डॉक्टरांनी रक्त काढलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि म्हणाले, "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त सरळ वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. एवढ्या पुराव्यावर त्या माणसाने निर्णय घेतला. एकट्याने. विचारायला दुसरा डॉक्टर नाही, आयसीयू नाही.

हात झटकायला एक चिठ्ठी पुरली असती. "मुंबईला न्या." कुणी नाव ठेवलं नसतं. आणि आमचे आप्पा वडखळच्या ट्रॅफिकमध्ये गेले असते.

सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा कुप्या लागल्या. ती पावडर असते, पाणी घालून विरघळवावी लागते, आणि जोरात हलवली तर फेस होतो. म्हणून डॉक्टरांची बायको, कंपाउंडर आणि मी कुप्या तळहातांत हळूहळू फिरवत बसलो होतो. (हे औषध आपल्या परळच्या हाफकिन संस्थेने वर्षानुवर्षं बनवलं, आणि आपल्यालाच पत्ता नसतो.) घोड्याच्या रक्तातून काढतात ते, काहींना सोसत नाही. आप्पांना सोसलं नाहीच. अंगभर गांधी, हुडहुडी. अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज ट्रेमध्ये आधीच भरून ठेवलेली. सलाईन थांबवलं, ते इंजेक्शन दिलं, पुन्हा सुरू केलं. आणि बाहेर जमलेल्या गर्दीतून एक जण डॉक्टरांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आप्पाला काही झालं ना, तर एक काच शिल्लक राहणार नाही." डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे. त्या रात्री त्या दवाखान्यात तो कोण घेऊन येणार होतं?

सर्दी-खोकला म्हणे!

त्याच महाड तालुक्यात बिरवाडीचं सरकारी आरोग्य केंद्र आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. लाल विंचू चावून गंभीर झालेली माणसं, पोरंबाळं, फुप्फुसात पाणी होऊन दगावत होती, दहातली चारेक. ब्लड प्रेशरची एक गोळी, प्राझोसिन, वापरून त्यांनी ते प्रमाण शंभरात एकाच्या घरात आणलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगाने उचललं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचंही ते वर्ष फुकटच गेलं म्हणायचं.

डोंगराळ भागात एका पीएचसीच्या अंगावर वीस हजार लोक धरतात, सपाटीवर तीस हजार. रात्री बाळंतपण, पहाटे औषध प्यायलेला, सकाळी शवविच्छेदन, आणि दुपारी झेडपीच्या मीटिंगमध्ये लसीकरणाचे आकडे कमी का म्हणून बोलणी खायची.

हो, माहितीये. दिसेल त्याला सलाईन लावणारेही तिकडे आहेत, मुंबईच्या हॉस्पिटलांकडून कट खाणारेही आहेत. आहेत. पुढे?

त्या पोराचा मला राग नाही, खरंच नाही. क्वार्टर्स गळतात, दुसरा डॉक्टर बरेचदा फक्त कागदावर, आणि चोविसाव्या वर्षी एकट्याने ती नळी आडवी करायची. भीती वाटणारच. वाटायलाच हवी. त्याला कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं होतं की बाळा, जमेल. बाप ओळखी शोधतोय.

आप्पांचे डॉक्टर त्या रात्री बाकावर आडवे झाले, पण दर तासाला उठून एकच प्रश्न, "लघवी झाली का? किती?" घोणशीचं विष किडनी पकडतं. सहा तासांनी पुन्हा नळी. या वेळी रक्त गोठलं. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

आणि डिस्चार्जला आमचे थोरले काका बिलावरून हुज्जत घालत होते! मुंबईत गुडघा बदलताना याच काकांनी कार्ड पुढे केलं, चकार शब्द नाही काढला.

डॉक्टर आता थकलेत. फक्त संध्याकाळी बसतात. मुलगी पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे. गेल्या गणपतीत भेटले तेव्हा विचारलं, तुमच्यानंतर कोण? हसले, म्हणाले, "तुमच्या मुंबईतून पाठवा कुणी असेल तर."

असो. भातकापणीला गावी जाल तर गमबूट घाला, पेंढी उचलण्याआधी काठीने हलवा. चावलंच तर आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, साप शोधत बसू नका. चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. आणि कमेंटमध्ये भगताचा नंबर टाकणाऱ्याला मी ब्लॉक करणार आहे, मग तो माझा सख्खा चुलतभाऊ का असेना.