सिगारेट सोडली की तोंडाची चव जाते म्हणे!

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतो आहे. सार असं: वर्षानुवर्षं ओढणाऱ्याने सिगारेट एकदम सोडू नये, शरीर बिथरतं, तोंडाची चव जाते, खोकला लागतो, वजन वाढतं, पन्नाशीनंतर सोडून फायदाही नाही, सोडायचीच तर आधी सुपारीवर या. यातलं थोडंफार खरं आहे, म्हणून तर लोक तो पुढे पाठवत राहतात.

आधी चव. धूर जीभ आणि नाक दोन्ही बोथट करतो. स्वादकलिकांमधल्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या येतात. नाकाला थोडे अधिक आठवडे लागतात. आणि खरी गंमत नाकाचीच. आपल्या पोह्यांतली बडीशेप, वरून भुरभुरलेला जिरावन मसाला, यांची ओळख जिभेपेक्षा वासाने पटते. त्यामुळे सोडल्यावर चव जात नाही, परत येते. मग तक्रार कुठून येते? पहिल्या दोनेक आठवड्यांत बऱ्याच जणांचं तोंड येतं. तिखट झोंबतं, जेवण नकोसं होतं. हे छाले आपोआप बरे होतात. काहींना नेहमीचीच भाजी खारट लागायला लागते आणि बोलणी मात्र घरच्यांना बसतात.

चहाचं कोणी सांगत नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवत असतं. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, झोप उडणं, चिडचिड, आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. काही दिवस कप कमी करून बघावा. थिओफायलिन (दम्यावरचं) किंवा क्लोझापिन (मानसिक आजारावरचं) यांसारखी औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. याच कारणाने डोस बदलावा लागतो.

खोकला खरा आहे. श्वासनलिकेतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात; ते पुन्हा हलू लागले की साठलेला कफ वर येतो. काही आठवड्यांचा प्रश्न. खोकला लांबला किंवा रक्त पडलं तर तपासणी हवीच.

वजनही वाढतं, लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. निकोटिन भूक दाबतं आणि चयापचय किंचित वाढवतं, ते दोन्ही थांबतं. त्यात रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खाणाऱ्याने सगळा दोष निकोटिनला देऊ नये. वजन वाढूनही हृदयाचा फायदा टिकतो.

‘एकदम सोडू नका’ हे बहुधा दारूवरून उचललेलं आहे. जुन्या दारुड्याची दारू अचानक थांबली तर जिवावर बेतू शकतं, हे खरंच. निकोटिनचं तसं नाही. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होतं, तलफ दोन-तीन दिवस शिगेला असते, मग उतरते. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर केलेल्या २०१६ च्या चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणारे हळूहळू सोडणाऱ्यांपेक्षा जास्त टिकले.

पन्नाशीबद्दल तर आकडेच आहेत. ब्रिटिश डॉक्टरांवरचा १९५१ पासूनचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला: पन्नाशीत सोडल्यास सुमारे सहा वर्षांचं आयुष्य वाचतं, साठीत सोडलं तरी तीन. फुप्फुसातल्या नष्ट झालेल्या वायुकोशिका परत येत नाहीत. पण उरलेल्यांची झीज मंदावते.

सुपारीचा सल्ला सगळ्यात घातक. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, आणि तिने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते: आधी मिरची सोसत नाही, मग तोंडच पुरतं उघडत नाही. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखूच्या, मिसळून खायच्या दोन वेगळ्या पुड्या टपरीवर शेजारी लटकतात. आधार लागणारच असेल तर केमिस्टकडचं निकोटिन च्युइंगगम बरं, किंवा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नि:शुल्क क्रमांक: १८००-११-२३५६.